विरोधात १७५ मते पडू नयेत, एवढेच : स्टेफान लोव्हेन यांच्या कारकिर्दीचे गणित

प्रश्न असा आहे : कारखान्यात वेल्डिंग करणारा, विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडलेला, पक्षाध्यक्ष होईपर्यंत एकदाही संसदेवर निवडून न गेलेला माणूस स्वीडनचा पंतप्रधान कसा होतो? आणि हाती कधीच बहुमत नसताना सात वर्षे टिकतो कसा?

उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते. एक स्वीडनच्या राज्यघटनेत, दुसरे तिथल्या धातुकामगारांच्या संघटनेत. लोव्हेन यांच्यावर लिहिताना बहुतेक जण 'वेल्डर ते पंतप्रधान' या चित्रावरच थांबतात. चित्र खोटे नाही, पण त्यातून काही उलगडत नाही. ते वेल्डर होते यापेक्षा वेल्डिंग सोडल्यावर तीस वर्षे काय करत होते, ते महत्त्वाचे आहे.

आधी नावाचे बघू. 'लोफवेन' असे लिहिलेले दिसते, पण स्वीडिशमध्ये तिथल्या 'फव' या जोडीचा एकच 'व्ह' उच्चारतात आणि जोर दुसऱ्या अक्षरावर येतो. म्हणून इथे लोव्हेन.

आता घटना. स्वीडनच्या संसदेला, रिक्सदागला, ३४९ जागा आहेत आणि साध्या बहुमताचा आकडा १७५. आपल्याकडे मुख्यमंत्र्याला सभागृहात 'बहुमत सिद्ध' करावे लागते, बाजूने मते दाखवावी लागतात. स्वीडनमध्ये नेमके उलटे आहे. सभापती पक्षनेत्यांशी बोलून पंतप्रधानपदासाठी एक नाव सुचवतो, चार दिवसांच्या आत त्यावर मतदान होते, आणि विरोधात निम्म्याहून जास्त सदस्य, म्हणजे १७५ जण, उभे राहिले नाहीत तर तो माणूस पंतप्रधान होतो. बाजूने किती मते पडली हे मोजतात, जाहीर करतात, पण निकालाशी त्याचा संबंध नसतो. तटस्थ राहणे म्हणजे व्यवहारात संमतीच. ही नकारात्मक संसदीय पद्धत १९७४ च्या राज्यघटनेतली आहे. राजाकडे सरकार नेमण्याचा अधिकार उरलेला नाही, ते काम सभापतीचे. त्याने सुचवलेले नाव चार वेळा फेटाळले गेले तर मात्र देशाला निवडणुकीला सामोरे जावे लागते.

आणखी दोन नियम लक्षात ठेवावेत, कारण लोव्हेन यांच्या कारकिर्दीतली प्रत्येक कोंडी त्यांच्याशी येऊन ठेपते. पंतप्रधान किंवा मंत्री व्हायला खासदार असावे लागत नाही. खासदार मंत्री झालाच तर त्याच्या खुर्चीवर बदली सदस्य बसतो आणि मत तोच देतो. म्हणजे पदावर असलेला पंतप्रधान स्वतःबद्दलच्या मतदानातही मत देऊ शकत नाही. दुसरा नियम २०११ पासून लागू झाला : सार्वत्रिक निवडणुकीनंतर पदावर असलेल्या पंतप्रधानाबद्दल नव्या सभागृहात सक्तीने मतदान घ्यायचे. याच नियमाने २०१८ साली लोव्हेन यांना घरी पाठवले, आणि वरच्या 'विरोधात १७५ नकोत' या नियमाने चार महिन्यांनी परत आणले.

आता माणूस. जन्म २१ जुलै १९५७, स्टॉकहोमच्या दक्षिणेकडच्या आस्पुद्देन भागात. वडील जन्माआधीच वारले होते. आईला दोन मुलांचा सांभाळ जमेना, म्हणून दहा महिन्यांच्या स्टेफानला अनाथालयात आणि तिथून उत्तरेकडच्या ओंगरमानलांड प्रांतातल्या सुन्नेर्स्ता गावी एका कुटुंबाकडे दिले गेले. सांभाळणारे वडील लाकूडतोडे, पुढे कारखान्यात कामाला; आई घरोघरी जाऊन वृद्धांची सेवा करणारी. हा पट्टा ओदालेनचा. १४ मे १९३१ रोजी याच खोऱ्यात संपकऱ्यांच्या मोर्चावर सैन्याने गोळीबार केला आणि पाच माणसे मारली गेली. स्वीडनच्या कामगार चळवळीच्या स्मृतीत ओदालेनचे नाव या घटनेने कायमचे कोरले गेले. तिथल्या मुलाने तेराव्या वर्षी सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या युवक संघटनेची शाखा काढावी यात नवल नव्हते.

सोल्लेफ्तिओच्या शाळेनंतर क्रामफोर्शला ४८ आठवड्यांचा वेल्डिंगचा अभ्यासक्रम, मग सक्तीची लष्करी सेवा. ऊमिओ विद्यापीठात समाजकार्य शिकायला घेतले, दीड वर्षात सोडून दिले. १९७९ साली अर्नशोल्ड्सव्हीकच्या हेग्लुंड्स कारखान्यात वेल्डर म्हणून रुजू झाले आणि दोन वर्षांतच कामगारांचे प्रतिनिधी झाले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण स्वीडिश कारखान्यातला कामगार प्रतिनिधी म्हणजे गेटवर घोषणा देणारा पुढारी नव्हे. १९७७ पासून लागू असलेल्या सहनिर्णय कायद्याप्रमाणे, कामात मोठा बदल करण्याआधी मालकाला संघटनेला बोलावून वाटाघाट करावीच लागते. शेवटी निर्णय मालकाचाच, पण चर्चा टाळता येत नाही. म्हणजे प्रतिनिधीचा दिवस जातो ताळेबंद वाचण्यात, शिफ्टचे वेळापत्रक तपासण्यात, कुणाला कमी करायचे आणि कुणाला नाही या यादीवर घासाघीस करण्यात. संप हे शेवटचे हत्यार, आणि करार चालू असताना ते उपसायची मुभाही नाही. या शाळेत माणूस एक गोष्ट पक्की शिकतो : समोरच्याला हरवायचे नाही, त्याला सही करता येईल असा मसुदा द्यायचा.

१९९५ पासून ते धातुकामगार संघटनेचे पगारी पदाधिकारी झाले, २००१ मध्ये उपाध्यक्ष. ही संघटना उद्योगक्षेत्रातल्या दुसऱ्या एका संघटनेत मिसळून २००६ च्या सुरुवातीला 'आयएफ मेटल' उभी राहिली आणि लोव्हेन तिचे पहिले अध्यक्ष ठरले. हे पद किती वजनदार आहे ते बाहेरून कळत नाही. १९९७ च्या उद्योग करारापासून निर्यातक्षम उद्योगांत जी पगारवाढ ठरते तिला 'मार्केत', म्हणजे खूण, म्हणतात आणि बाकी सगळ्या क्षेत्रांच्या वाटाघाटी त्या खुणेभोवती फिरतात. परिचारिका असो की दुकानातला विक्रेता, त्याची वाढ किती टक्के असेल याचा अंदाज धातू उद्योगातल्या टेबलावर ठरलेल्या आकड्यावरून बांधतात. त्या टेबलाच्या एका बाजूला लोव्हेन बसत.

त्यांची सर्वांत मोठी आणि सर्वांत वादग्रस्त सही मार्च २००९ ची. जागतिक मंदीत वाहन उद्योगाच्या ऑर्डरी आटल्या होत्या. आयएफ मेटलने मालकांशी चौकट करार केला : ज्या कारखान्यात स्थानिक पातळीवर एकमत होईल तिथे कामाचे तास आणि पगार तात्पुरते कमी करायचे, पण पगारातली घट २० टक्क्यांपुढे न्यायची नाही. बदल्यात नोकऱ्या टिकवायच्या. कामगार संघटनेने स्वतःहून पगार कमी करायला मान्यता देणे हे तिथे पाप समजले जाते, आणि बाकीच्या संघटनांनी तशीच टीका केली. पण सोशल डेमोक्रॅट पक्षातल्या मंडळींनी त्यांना हेरले ते यामुळेच. आपल्याच लोकांना कडू औषध पाजून वर त्यांचा विश्वास राखणारा माणूस राजकारणात दुर्मीळ.

पक्षाला अशा माणसाची गरज होतीच. सोशल डेमोक्रॅट आणि कामगार संघटना यांचे नाते सख्ख्या भावंडांचे. १९९० पर्यंत अनेक संघटनांचे सभासद थेट सामूहिकरीत्या पक्षाचेही सभासद धरले जात. २०१० च्या निवडणुकीत मोना सालीन यांच्या नेतृत्वाखाली पक्ष ३०.७ टक्क्यांवर घसरला आणि सालीन गेल्या. मार्च २०११ मध्ये आलेले होकान यूहोल्ट दहा महिनेही टिकले नाहीत. संसदेकडून मिळणाऱ्या घरभाडे भत्त्याचा घोळ, धोरणांवर रोज बदलणारी विधाने आणि घसरते जनमत यांत २१ जानेवारी २०१२ रोजी त्यांनी राजीनामा दिला. सहा दिवसांनी, २७ जानेवारीला, कार्यकारिणीने लोव्हेन यांना अध्यक्ष केले. शिक्कामोर्तब एप्रिल २०१३ मध्ये गोथेनबर्गच्या अधिवेशनात झाले.

या पक्षात अध्यक्षपदासाठी उघड प्रचार करायची पद्धत नाही. 'मला व्हायचे आहे' असे म्हणणारा तिथेच बाद होतो. उमेदवार शोधण्याचे काम आतल्या आत, जिल्हा शाखांना फोन करून चालते आणि बाहेर एकच नाव येते. लोव्हेन यांचा फायदा असा की ते संसदेत नव्हते, म्हणून आधीच्या पाच वर्षांच्या गटबाजीचा चिखल त्यांच्या बुटांना लागलेला नव्हता. तोटाही तोच. खासदार नसल्यामुळे २०१४ पर्यंत रिक्सदागमधल्या पक्षनेत्यांच्या वादविवादात त्यांना उभे राहता येत नव्हते, ते काम संसदीय गटनेते मिकाएल डाम्बेर्ग करत. वक्तृत्वात ते तसेही सामान्यच. वाक्ये लांब, आवाज एकसुरी. त्यांची ताकद बंद खोलीतली होती, आणि ती शेवटपर्यंत तिथेच राहिली.

१४ सप्टेंबर २०१४ च्या निवडणुकीत पक्षाला ३१ टक्के मते आणि ११३ जागा मिळाल्या. हरित पक्षाच्या २५ आणि डाव्या पक्षाच्या २१ मिळून १५९. चार उजव्या पक्षांच्या आघाडीकडे १४१. उरलेल्या ४९ जागा स्थलांतरविरोधी स्वीडन डेमोक्रॅटांच्या, ज्यांच्याशी तेव्हा कुणीच बोलत नव्हते. लोव्हेन यांनी फक्त हरितांना सरकारात घेतले, डाव्यांना बाहेर ठेवले. २ ऑक्टोबरला मतदान झाले : बाजूने १३२, विरोधात ४९, तटस्थ १५४. आपल्याकडच्या वाचकाला हा निकाल चक्रावणारा वाटेल. उजव्या आघाडीने तटस्थ राहून त्यांना वाट करून दिली, कारण तिच्या मते मोठ्या गटाला सरकार चालवू देणे हीच रीत होती.

मात्र पंतप्रधान होण्याचा नियम आणि अर्थसंकल्प मंजूर होण्याचा नियम वेगळे आहेत, आणि अल्पमतातले स्वीडिश सरकार अडखळते ते याच फटीत. पंतप्रधानाच्या निवडीत तटस्थ मत सरकारच्या पथ्यावर पडते. अर्थसंकल्पात मात्र वेगवेगळे प्रस्ताव एकमेकांसमोर ठेवले जातात आणि ज्याला जास्त मते तो जिंकतो. वर्षानुवर्षांचा प्रघात असा होता की प्रत्येक विरोधी पक्ष आपापल्या प्रस्तावाला मत देतो, तो पडला की अंतिम फेरीत तटस्थ राहतो, त्यामुळे सरकारचा प्रस्ताव तरून जातो. ३ डिसेंबर २०१४ रोजी स्वीडन डेमोक्रॅटांनी हा प्रघात मोडला. स्वतःचा प्रस्ताव पडल्यावर त्यांनी उजव्या आघाडीच्या अर्थसंकल्पाला मते दिली आणि तो १८२ विरुद्ध १५३ असा मंजूर झाला. नव्या सरकारला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि विरोधकांच्या अर्थसंकल्पावर देश चालवायची पाळी आली.

लोव्हेन यांनी २२ मार्च २०१५ ला मुदतपूर्व निवडणूक घेणार असे जाहीर केले. ही घोषणा लगेच अमलात आणता येत नव्हती. नवे सभागृह पहिल्यांदा भरल्यापासून तीन महिने पुरे झाल्याशिवाय सरकारला असा आदेश काढता येत नाही, म्हणजे २९ डिसेंबरआधी नाही. शिवाय स्वीडनमध्ये मुदतपूर्व निवडणुकीने चार वर्षांचे घड्याळ नव्याने सुरू होत नाही. नेहमीची निवडणूक ठरल्या वेळीच होते. म्हणून १९५८ नंतर कुणी त्या वाटेला गेलेले नाही. त्या मधल्या चार आठवड्यांत लोव्हेन यांनी आपले जुने कौशल्य वापरले. २७ डिसेंबरला सहा पक्षांचा 'डिसेंबर करार' जाहीर झाला : जो गट मोठा, त्याचा अर्थसंकल्प दुसऱ्या गटाने अडवायचा नाही. निवडणूक रद्द झाली. हा करार २०२२ पर्यंत चालायचा होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१५ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅटांच्या अधिवेशनाने तो नाकारला आणि तो कोसळला. तरीही पुढची तीन वर्षे उजव्या आघाडीने एकत्रित अर्थसंकल्प आणला नाही, आणला असता तर तो स्वीडन डेमोक्रॅटांच्या मतांवर जिंकला असता, हे ओझे तेव्हा कुणाला नको होते. करार मेला, पण त्याचा परिणाम मागे राहिला. वाटाघाटीच्या धंद्यात असे होते.

या काळातले काही निर्णय लोव्हेन यांच्या नावावर ठळकपणे लागतात. ३० ऑक्टोबर २०१४ रोजी पॅलेस्टाईनला मान्यता, युरोपीय संघाचा सदस्य असताना अशी मान्यता देणारा स्वीडन पहिला देश. २०१७ मध्ये सक्तीची लष्करी सेवा पुन्हा सुरू. आणि २०१५ चा तो वळसा. ६ सप्टेंबरला स्टॉकहोमच्या मेदबोरियारप्लात्सेन चौकात त्यांनी सांगितले, 'माझा युरोप भिंती बांधत नाही.' २४ नोव्हेंबरला त्यांनीच आश्रयाचे नियम युरोपीय संघाच्या किमान पातळीवर आणल्याचे जाहीर केले. त्या वर्षी सुमारे १ लाख ६३ हजार लोकांनी आश्रय मागितला होता आणि नगरपालिकांकडे पलंगसुद्धा उरले नव्हते. जानेवारी २०१६ पासून डेन्मार्ककडून येणाऱ्यांची ओळखपत्रे तपासणे सुरू झाले. अकरा आठवड्यांत एवढी कलाटणी घेणे त्यांच्या पक्षाला झेपले, मित्रपक्ष हरितांना नाही. त्यांच्या नेत्या ओसा रोमसोन यांना पत्रकार परिषदेत अश्रू आवरले नाहीत. माझे मत असे की सप्टेंबरचे भाषण ही चूक होती, नोव्हेंबरचा निर्णय नव्हे. वाटाघाट करणाऱ्या माणसाने जे वाक्य मागे घ्यावे लागेल ते चौकात बोलू नये.

महाराष्ट्राशी त्यांचा थेट संबंध याच सुमाराचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहाला ते उद्योजकांसह हजर होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यात बेअरिंगपासून दूध-यंत्रांपर्यंत स्वीडिश कंपन्यांचे कारखाने दशकांपासून आहेत, आणि त्यांच्या स्वीडनमधल्या मूळ कारखान्यांतले कामगार म्हणजे लोव्हेन यांचीच जुनी संघटना.

२०१७ च्या उन्हाळ्यात त्यांची पद्धत आरशासारखी स्वच्छ दिसली. परिवहन खात्याने वाहनचालकांची संवेदनशील माहिती सुरक्षा तपासणी न झालेल्या परदेशी तंत्रज्ञांच्या हाती जाऊ दिल्याचे उघड झाले. विरोधकांनी तीन मंत्र्यांवर अविश्वास ठराव आणायची धमकी दिली. अविश्वास ठराव मांडायला ३५ सह्या लागतात, मंजूर व्हायला १७५ मते, आणि विरोधकांकडे ती होती. सगळ्यांना वाटले की आता पंतप्रधान राजीनामा देणार किंवा निवडणूक लावणार. २७ जुलैला त्यांनी दोन मंत्री बदलले, तिसऱ्याला, संरक्षणमंत्री पेटर हुल्टक्विस्ट यांना, हात लावू दिला नाही. दोन देऊन एक वाचवला. विरोधकांची एकी तिसऱ्या नावावर फुटली आणि हुल्टक्विस्ट टिकले.

९ सप्टेंबर २०१८ ची निवडणूक मात्र सगळे गणित विस्कटणारी होती. सोशल डेमोक्रॅट २८.३ टक्के आणि १०० जागा, शंभर वर्षांतली नीचांकी मते. डावीकडचे तीन पक्ष मिळून १४४, उजवी आघाडी १४३, स्वीडन डेमोक्रॅट ६२. २५ सप्टेंबरला सक्तीच्या मतदानात लोव्हेन २०४ विरुद्ध १४२ असे हरले आणि काळजीवाहू झाले. नवे सभापती आंद्रेआस नोर्लेन यांनी आधी उजव्यांच्या उल्फ क्रिस्टेरशॉन यांचे नाव ठेवले. १४ नोव्हेंबरला ते १९५ विरुद्ध १५४ पडले, कारण स्वीडन डेमोक्रॅटांच्या टेकूवरचे सरकार सेंटर आणि लिबरल या आघाडीतल्याच दोन पक्षांना मान्य नव्हते. १४ डिसेंबरला लोव्हेन यांचे नावही विरोधातल्या २०० मतांनी पडले. त्याच्या दोनच दिवस आधी उजव्यांचा अर्थसंकल्प मंजूर झाला होता, म्हणजे दुसऱ्यांदा परक्या अर्थसंकल्पावर कारभार. चारपैकी दोन संधी संपल्या होत्या.

इथे लोव्हेन यांनी जे केले त्याला कारकिर्दीतला कळस म्हणावे लागेल. त्यांनी स्वतःची मते वाढवायचा प्रयत्नच केला नाही. १७५ च्या विरोधातून दोन पक्ष बाजूला काढले की झाले. सेंटरच्या अॅनी लोफ आणि लिबरलांचे यान ब्योर्कलुंड यांच्याशी त्यांनी ७३ कलमी 'जानेवारी करार' केला, ११ जानेवारी २०१९ ला तो जाहीर झाला. किंमत भारी होती. जास्त उत्पन्नावरचा पाच टक्क्यांचा राज्यकर, जो १९९० च्या दशकात सोशल डेमोक्रॅटांनीच बसवला होता, तो त्यांनाच २०२० पासून काढून टाकावा लागला. कामगारांना कामावरून काढण्याचे नियम सैल करणे, नव्या इमारतींचे भाडे बाजारावर सोडणे, हेही त्यात होते. आणि वर एक कलम : या काळात देशाच्या धोरणावर डाव्या पक्षाचा कोणताही प्रभाव असणार नाही.

अडचण अशी की डाव्या पक्षाच्या २८ जणांनी विरोध केला असता तर सगळेच फसले असते. त्यांचे नेते योनास शोस्टेड्ट यांनी तटस्थ राहायचे कबूल केले, पण तंबी देऊन : कामगार कायदा किंवा बाजारभाडे यांचा प्रस्ताव आलाच तर अविश्वास ठराव. १८ जानेवारीला बाजूने ११५, विरोधात १५३, तटस्थ ७७. निवडणुकीपासून १३४ दिवसांनी देशाला सरकार मिळाले.

बाहेरून बघणाऱ्याची इथे हमखास चूक होते. लोव्हेन यांनी उजवी आघाडी फोडली आणि विरोधकांना चारीमुंड्या चीत केले, असे त्या वर्षी लिहिले गेले. आघाडी फुटली हे खरे. पण त्या फुटीने उरलेल्या उजव्यांना स्वीडन डेमोक्रॅटांशी बोलायला मोकळे केले. क्रिस्टेरशॉन आणि स्वीडन डेमोक्रॅटांचे नेते यिमी ओकेसॉन २०१९ च्या डिसेंबरात भेटले, आणि लोव्हेन यांच्या राजकारणाचा पाया असलेले 'त्यांच्याशी कुणी बोलत नाही' हे गृहीतकच संपले.

करोनाचा काळ थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र उत्तर लागेल. स्वीडनमध्ये खाती स्वायत्त असतात. मंत्री खात्याला एखाद्या प्रकरणात काय निर्णय घ्यायचा हे सांगू शकत नाही. त्यामुळे चेहरा सार्वजनिक आरोग्य खात्याचा राहिला आणि सरकार मागे. स्वतंत्र आयोगाने पुढे वृद्धाश्रमांतल्या मृत्यूंबाबत आणि उपाय उशिरा योजण्याबाबत सरकारवर टीका केली, अंतिम जबाबदारी सरकारचीच असे बजावले. २०२० पर्यंत युरोपीय संघात सर्वांत कमी बेरोजगारी, हे २०१४ च्या प्रचारातले त्यांचे मोठे वचनही हुकले, आणि त्याचा दोष साथीला देता येत नाही, कारण साथ येण्याआधीच ते हाताबाहेर गेले होते.

आता शेवटची कोंडी. कामगार कायद्याचा काटा त्यांनी वाटेतून काढला, तोही जुन्या मार्गाने : प्रश्न मालक आणि कामगार संघटनांच्या टेबलावर सोपवला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथे तोडगा निघाला. त्यात आयएफ मेटलही होती. भाड्याच्या प्रश्नाला असे टेबल नव्हते. जून २०२१ च्या सुरुवातीला सरकारी चौकशीचा अहवाल आला. डाव्या पक्षाची धुरा आता नूशी दादगोस्तार यांच्याकडे होती. १५ जूनला त्यांनी ४८ तासांची मुदत दिली : प्रस्ताव मागे घ्या किंवा भाडेकरू संघटनेशी वाटाघाट करा. सरकारने ती गंभीरपणे घेतली नाही. डाव्यांकडे २७ जागा, ठराव मांडायला लागणाऱ्या ३५ सह्याही नाहीत; दादगोस्तार उजव्यांसोबत जाऊन कामगारांच्या पक्षाचे सरकार पाडतील असे कुणाला वाटले नाही. ठराव स्वीडन डेमोक्रॅटांनी मांडला, डाव्यांनी फक्त मत दिले. २१ जूनला १८१ मते सरकारविरुद्ध पडली, १०९ बाजूने, ५१ तटस्थ. अविश्वास ठरावाने पडलेले लोव्हेन हे स्वीडनचे पहिले पंतप्रधान.

संघटनेतल्या कुठल्याही जुन्या माणसाने त्यांना सांगितले असते की टेबलावर नसलेल्या पक्षकाराने सही केलेली नसते. करारात ज्याचे नाव लिहून त्याला वगळले, त्याच्याच गप्प बसण्यावर सरकार उभे होते. दोन वर्षे ते चालले कारण शोस्टेड्ट यांनी चालू दिले, आणि लोव्हेन यांनी त्याला सवय समजले.

ठरावानंतर सात दिवसांत निवडणूक लावायची की राजीनामा द्यायचा हे ठरवावे लागते. २८ जूनला त्यांनी राजीनामा दिला. क्रिस्टेरशॉन यांना संधी मिळाली, १ जुलैला त्यांनी ती परत केली. मग सेंटरने भाड्याची अट सोडली, डावे तटस्थतेकडे वळले, आणि ७ जुलैला पुन्हा मतदान. बाजूने ११६, तटस्थ ६०, विरोधात १७३. दोन मते इकडची तिकडे झाली असती तर लोव्हेन यांची कारकीर्द त्याच दुपारी संपली असती. तटस्थांमध्ये एक लिबरल सदस्या होत्या, ज्यांनी पक्षाचा आदेश पाळला नाही, आणि एक अपक्ष.

परत आले, पण फार थांबले नाहीत. २२ ऑगस्टला उन्हाळी भाषणात त्यांनी नोव्हेंबरच्या अधिवेशनात पद सोडणार असे सांगितले. बहुतेकांना हा धक्काच होता. सप्टेंबर २०२२ च्या निवडणुकीआधी नव्या नेत्याला जवळपास वर्ष मिळावे हा हिशेब होता आणि तो बरोबर होता. ४ नोव्हेंबरला अर्थमंत्री मॅग्डालेना अँडरसन गोथेनबर्गमध्ये पक्षाध्यक्ष झाल्या, १० नोव्हेंबरला लोव्हेन यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला.

त्यांनी मागे ठेवलेले यंत्र किती नाजूक होते ते दोन आठवड्यांत दिसले. २४ नोव्हेंबरला सकाळी अँडरसन विरोधातल्या १७४ मतांवर, म्हणजे एका मताच्या फरकाने, निवडून आल्या; दुपारी उजव्यांचा अर्थसंकल्प मंजूर झाला; स्वीडन डेमोक्रॅटांचा हात लागलेला अर्थसंकल्प राबवणार नाही म्हणून हरित सरकारातून बाहेर पडले; आणि संध्याकाळी स्वीडनच्या पहिल्या महिला पंतप्रधानांनी राजीनामा दिला. पाच दिवसांनी त्या एकट्या पक्षाचे सरकार घेऊन परत आल्या. लोव्हेन २०२२ मध्ये स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या, सिप्रीच्या, नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी युरोपीय समाजवादी पक्षाचेही.